मतदारयादी ते संसद : खासदार कसे निवडले जातात आणि जबलपूरने लोकसभेत आजवर एकच महिला का पाठवली

जबलपूर : नर्मदाकाठच्या जबलपूर शहराने १९५२ ते २०२४ या काळात लोकसभेच्या १८ सार्वत्रिक निवडणुका आणि २ पोटनिवडणुका अनुभवल्या. या सर्व लढतींतून लोकसभेत पोहोचलेल्या महिलांची संख्या केवळ एक आहे. भारतीय जनता पक्षाच्या जयश्री बॅनर्जी १९९९ मध्ये येथून विजयी झाल्या आणि २००४ पर्यंत खासदार राहिल्या. त्यांच्या आधी आणि नंतर येथून निवडून आलेले सर्व खासदार पुरुष आहेत.

मतदानाचा आणि निवडणूक लढविण्याचा अधिकार भारतीय महिलेला राज्यघटनेने पहिल्या दिवसापासून पुरुषाच्या बरोबरीने दिला आहे. मतदानाच्या टक्केवारीतही महिला आता मागे नाहीत. २०१९ आणि २०२४ या लागोपाठच्या दोन लोकसभा निवडणुकांत देशपातळीवर महिलांचे मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक होते. तरीही २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर निवडून आलेल्या महिला ७४, म्हणजे १४ टक्क्यांहूनही कमी आहेत. अधिकार आणि प्रतिनिधित्व यांतील हे अंतर समजून घ्यायचे, तर खासदार निवडला जाण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने पाहावी लागते. मतदार मतदान यंत्राचे बटण दाबतो तो या प्रक्रियेतील अखेरच्या टप्प्यांपैकी एक असतो. अनेक निर्णय त्यापूर्वीच झालेले असतात.

पहिली पायरी : यादीतील नाव

मतदारयादीत नाव नसेल, तर मतदान करता येत नाही आणि उमेदवारही होता येत नाही. लोकसभेच्या उमेदवाराला वयाची २५ वर्षे, तर राज्यसभेच्या उमेदवाराला ३० वर्षे पूर्ण असावी लागतात. तो भारताचा नागरिक आणि देशातील कोणत्या तरी मतदारसंघाचा नोंदणीकृत मतदार असणे आवश्यक असते. मतदारासाठी वयाची अट १८ वर्षे आहे. ती १९८९ पूर्वी २१ वर्षे होती.

ही पहिली पायरीच लाखो महिलांसाठी अडसर ठरली होती. स्वातंत्र्यपूर्व काळात १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मताधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्याशी जोडला होता. त्यात काही महिलांना मत मिळाले ते मालमत्ताधारक पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून. स्वतंत्र भारताने ही अट मोडीत काढून प्रत्येक प्रौढ व्यक्तीला तिच्या स्वतःच्या नावाने मताधिकार दिला. परंतु पहिल्या निवडणुकीच्या याद्या तयार करताना असे आढळले, की अनेक महिलांची नोंद अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई अशीच करण्यात आली होती. परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याची प्रथा त्यांच्या घरांत नव्हती.

देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मतदाराचे स्वतःचे नाव अनिवार्य ठरवले. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांपैकी जवळपास ८ कोटी महिला होत्या. त्यांतील सुमारे २८ लाख महिलांनी नाव उघड न केल्यामुळे त्यांच्या नोंदी यादीतून वगळाव्या लागल्या. हे प्रमाण बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशात सर्वाधिक होते. यांपैकी मध्य भारत आणि विंध्य प्रदेश ही राज्ये १९५६ मध्ये आजच्या मध्य प्रदेशात विलीन झाली. निर्णय कठोर होता. मात्र, पत्नी किंवा आई म्हणून झालेली नोंद मान्य केली असती, तर मताधिकार व्यक्तीचा नसून नात्याचा आहे, या जुन्या समजुतीवरच शिक्कामोर्तब झाले असते.

आज यादी तयार करण्याची जबाबदारी मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे, तर प्रत्यक्ष घरोघरी पडताळणीचे काम मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजेच बीएलओंकडे असते. नवीन नावासाठी नमुना ६, तर पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वर्षातील चार तारखा पात्रतेसाठी धरल्या जातात. विवाहानंतर गाव, पत्ता आणि बहुधा आडनावही बदलणाऱ्या महिलेला हा अर्ज पुरुषापेक्षा अधिक वेळा भरावा लागतो. नव्या पत्त्यावर नोंद झाली नाही, तर मतदानाच्या दिवशी तिचा हक्क कागदावरच राहतो.

दुसरी पायरी : मतदारसंघ

लोकसभेसाठी देशाचे ५४३ मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून एकच सदस्य निवडला जातो. जबलपूर लोकसभा मतदारसंघात पाटन, बरगी, जबलपूर पूर्व, जबलपूर उत्तर, जबलपूर कॅन्टोन्मेंट, जबलपूर पश्चिम, पनागर आणि सिहोरा हे विधानसभेचे आठ मतदारसंघ येतात. देशातील ८४ लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. जबलपूरची लोकसभेची जागा खुली आहे.

सुरुवातीला रचना वेगळी होती. १९५२ मध्ये ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ८६ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन, तर एका मतदारसंघातून तीन सदस्य निवडले गेले. जबलपूर त्या वेळी दोन मतदारसंघांत विभागलेले होते. जबलपूर उत्तरमधून सुशीलकुमार पटेरिया निवडून आले. मंडला-जबलपूर दक्षिण या द्विसदस्यीय मतदारसंघातून सेठ गोविंददास आणि मंगरू गनू उईके हे दोघे संसदेत गेले. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवलेली असे. मतदार आपली मतपत्रिका पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकत असे. द्विसदस्यीय मतदारसंघांची पद्धत १९६१ मध्ये संपुष्टात आली.

एकसदस्यीय पद्धतीत मतदारसंघात प्रत्येक पक्षाकडे देण्यासाठी एकच उमेदवारी असते. ती कोणाला मिळते यावर पुढची सगळी गणिते ठरतात. सेठ गोविंददास यांनी जबलपूरचे प्रतिनिधित्व १९७४ मध्ये निधन होईपर्यंत केले. दोन दशकांहून अधिक काळ काँग्रेसची उमेदवारी एकाच व्यक्तीकडे राहिली, याचा अर्थ त्या पक्षातील अन्य कोणालाही ती मिळाली नाही. पुढे भाजपच्या राकेश सिंह यांनी २००४ ते २०१९ या काळातील चार सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या. विद्यमान सदस्याला पुन्हा उमेदवारी देण्याकडे पक्षांचा कल असतो. त्यामुळे जागा मोकळी होण्याचे प्रसंग कमी येतात आणि नवख्यांची, त्यातही महिलांची, प्रतीक्षा लांबते.

तिसरी पायरी : एबी फॉर्म

निवडणुकीची अधिसूचना निघाल्यानंतर उमेदवाराने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज भरायचा असतो. लोकसभेसाठी ही जबाबदारी साधारणतः जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातील एक सूचक पुरतो. अपक्षाला किंवा अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. अनामत रक्कम २५ हजार रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती साडेबारा हजार आहे. महिलांसाठी यात वेगळी सवलत नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणांची माहिती द्यावी लागते. कोणत्याही उमेदवाराला एका वेळी दोनपेक्षा अधिक मतदारसंघांतून लढता येत नाही.

मात्र, उमेदवाराच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक कागद पक्षाकडून येतो. ए फॉर्मद्वारे पक्ष आपल्या वतीने उमेदवार जाहीर करण्याचा अधिकार कोणत्या पदाधिकाऱ्याला आहे, हे कळवतो. बी फॉर्ममध्ये अधिकृत उमेदवाराचे नाव असते. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत हे दोन्ही फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडले, तरच उमेदवाराला पक्षाचे चिन्ह मिळते. बी फॉर्मवर कोणाचे नाव लिहावे, यासाठी कायद्याने पक्षांवर कोणतेही बंधन घातलेले नाही. मतदार ज्या नावांतून निवड करतात, ती नावे पक्षांच्या बैठकांत ठरलेली असतात.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरातील ८,३६० उमेदवारांमध्ये महिलांची संख्या सुमारे ८०० होती. म्हणजे मतदारांच्या यादीत निम्म्याच्या जवळ असलेल्या महिला उमेदवारांच्या यादीत दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरल्या. मतदारांनी महिलांना नाकारले, असे म्हणण्यापूर्वी त्यांच्यासमोर महिला उमेदवार किती मांडल्या गेल्या, हे पाहणे म्हणूनच गरजेचे ठरते.

पैशाचा प्रश्नही येथेच उभा राहतो. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे. पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा नाही. स्वतःच्या नावे मालमत्ता आणि देणगीदारांचे जाळे नसलेल्या व्यक्तीला पक्षाच्या पाठबळाशिवाय आठ विधानसभा मतदारसंघांपर्यंत पोहोचणे कठीण जाते.

मतदान, मोजणी आणि निकाल

मतदान इलेक्ट्रॉनिक यंत्रावर होते. बटण दाबल्यानंतर व्हीव्हीपॅट यंत्रातील चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते आणि मग बंद पेटीत पडते. मोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. ती केंद्रे सोडतीने निवडली जातात. जबलपूर लोकसभा मतदारसंघात अशी ४० केंद्रे होतात.

सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. त्यासाठी निम्म्याहून अधिक मते मिळण्याची अट नाही. २०१३ पासून मतदाराला ‘नोटा’, म्हणजे वरीलपैकी कोणीही नाही, हा पर्याय मिळाला. परंतु नोटाला सर्वाधिक मते पडली, तरीही उमेदवारांमध्ये ज्याची मते अधिक तोच निवडून आल्याचे जाहीर होते. जबलपूरमध्ये २०२४ साठी १९ एप्रिल रोजी पहिल्या टप्प्यात मतदान झाले आणि भाजपचे आशिष दुबे पावणेपाच लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. निकालाविरुद्ध दाद मागायची असल्यास ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरलाच आहे.

लोकसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची असते. आणीबाणीत ही मुदत वाढविण्यात आली, तेव्हा जबलपूरचे खासदार शरद यादव आणि बिहारमधील बांका येथून निवडून आलेले मराठी समाजवादी नेते मधु लिमये यांनी त्याच्या निषेधार्थ राजीनामे दिले होते.

जागा मध्येच रिकामी झाली तर

खासदाराचे निधन झाले, त्याने राजीनामा दिला किंवा तो अपात्र ठरला, तर पोटनिवडणूक होते. सेठ गोविंददास यांचे निधन जून १९७४ मध्ये झाले आणि पोटनिवडणूक जानेवारी १९७५ मध्ये झाली. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाच्या त्या काळात विरोधी पक्षांचे संयुक्त उमेदवार म्हणून २७ वर्षांचे विद्यार्थी नेते शरद यादव यांनी काँग्रेसचा हा बालेकिल्ला जिंकला. १९८२ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे बाबूराव परांजपे हे मराठी भाषक नेते विजयी झाले. पुढे १९८९, १९९६ आणि १९९८ मध्येही जबलपूरकरांनी त्यांना लोकसभेत पाठवले.

१९९६ च्या दुरुस्तीनंतर पोटनिवडणूक सहा महिन्यांत घेणे बंधनकारक झाले आहे. उर्वरित मुदत एका वर्षाहून कमी असल्यास मात्र ती घ्यावी लागत नाही. जबलपूरने याचेही उदाहरण पाहिले. डिसेंबर २०२३ मध्ये राकेश सिंह जबलपूर पश्चिममधून विधानसभेवर निवडून आले. एकाच वेळी संसद आणि विधानसभा या दोन्हींचे सदस्य राहता येत नसल्याने त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असल्याने ही जागा २०२४ पर्यंत रिक्त राहिली.

राज्यसभेचा मार्ग

राज्यसभेचे सध्या २४५ सदस्य आहेत. त्यांपैकी १२ जणांना राष्ट्रपती नामनिर्देशित करतात आणि २३३ जण निवडून येतात. त्यांना सामान्य मतदार निवडत नाहीत. संबंधित विधानसभेचे निर्वाचित आमदार पसंतीक्रमाने मत देऊन त्यांची निवड करतात. मध्य प्रदेशच्या वाट्याला ११, तर महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत. सदस्याची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

विजयासाठी लागणाऱ्या मतांचा कोटा सोप्या गणिताने निघतो. मध्य प्रदेश विधानसभेत २३० आमदार आहेत. तीन जागा रिक्त असतील, तर २३० ला चाराने भागले जाते. येणाऱ्या साडेसत्तावन्न या संख्येमुळे प्रत्येक उमेदवाराला किमान ५८ आमदारांची पहिली पसंती लागते. जून २०२२ मध्ये नेमकी हीच स्थिती होती. तीन जागांसाठी तीनच उमेदवार राहिल्याने मतदानाची वेळ आली नाही. भाजपच्या सुमित्रा वाल्मीकि आणि कविता पाटीदार, तसेच काँग्रेसचे विवेक तन्खा बिनविरोध निवडून आले. यांपैकी वाल्मीकि आणि तन्खा दोघेही जबलपूरचे आहेत. तन्खा यांनी २०१४ आणि २०१९ मध्ये जबलपूरमधून लोकसभा लढवली होती व दोन्ही वेळा ते पराभूत झाले होते. थेट निवडणुकीत बंद झालेले दार विधानसभेतील संख्याबळाच्या आधारे उघडते, ते असे.

सुमित्रा वाल्मीकि यांची वाटचाल महिलांच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. संसदेत येण्यापूर्वी त्या जबलपूर महापालिकेत नगरसेविका होत्या. १९९२ मध्ये मंजूर झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव केल्या. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांसह अनेक राज्यांनी हे प्रमाण पुढे ५० टक्के केले. स्वाती गोडबोले यांनी जबलपूरचे महापौरपद भूषवले, तो काळही याच व्यवस्थेनंतरचा आहे. आरक्षण आहे त्या पातळीवर महिला नेतृत्व घडते, तर उमेदवारी सर्वस्वी पक्षांच्या मर्जीवर असते तेथे ते अडखळते, हे या शहराच्या अनुभवातून दिसते.

आरक्षित जागांचा विसरलेला इतिहास

विधिमंडळातील महिला आरक्षण ही कल्पना नवी नाही. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये अस्तित्वात आलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या ११२ सदस्यीय विधानसभेत ३ जागा महिलांसाठी होत्या. या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि जबलपूर त्याच प्रांतात होते. ‘झाँसी की रानी’ या कवितेमुळे घराघरांत पोहोचलेल्या जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान या विधानसभेच्या सदस्य होत्या. १९२३ मध्ये जबलपुरात सुरू होऊन नागपुरात पसरलेल्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला होता. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्या पाहू शकल्या नाहीत.

त्याच विधानसभेत नागपूरच्या अनसूयाबाई काळे उपाध्यक्ष होत्या. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणातील फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचविण्यासाठी त्यांनी दिलेला लढा विदर्भात आजही आदराने सांगितला जातो. १९५२ मध्ये त्या नागपूरमधून लोकसभेवर निवडून आल्या. नागपूर आणि जबलपूर तेव्हा मध्य प्रदेश या एकाच राज्यात होते. १९५७ मध्ये त्या पुन्हा विजयी झाल्या. त्यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत लोकनायक बापूजी अणे निवडून आले. पहिल्या लोकसभेत पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव आणि मुंबई उपनगरमधून जयश्री रायजी यांनीही प्रवेश केला होता. त्या लोकसभेतील महिलांचे प्रमाण मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच होते.

राज्यघटना तयार होताना महिलांसाठीच्या राखीव जागा वगळण्यात आल्या. संविधान सभेत १५ महिला होत्या. त्यांपैकी राजकुमारी अमृत कौर मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या. आज राज्यसभेचे सदस्य निवडले जातात तसेच, प्रांतिक विधानसभेच्या सदस्यांनी त्यांना निवडले होते. अमृत कौर आणि हंसा मेहता यांच्या पिढीतील महिला चळवळीने आरक्षणाऐवजी सार्वत्रिक मताधिकार आणि समान संधी मागितली होती. सर्वांना समान मत मिळाले, की गुणवत्तेला वाट मिळेल, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी मागितलेला मताधिकार मिळाला. परंतु उमेदवारी वाटण्याचा अधिकार मतदारांकडे नव्हे, पक्षांकडे राहिला आणि समान संधीचा प्रश्न तेथेच अडला.

अडचणींतूनही मार्ग काढणाऱ्या महिला मध्य प्रदेशात झाल्या. विजयाराजे शिंदे १९५७ मध्ये गुना येथून लोकसभेत गेल्या. चिपळूण येथे जन्मलेल्या सुमित्रा महाजन इंदूर महापालिकेत उपमहापौर होत्या. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीतील पराभवानंतर १९८९ मध्ये त्यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना लोकसभेच्या लढतीत हरवले. त्यानंतर २०१४ पर्यंत त्या सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. विजयाराजेंच्या मागे संस्थानी घराण्याचे वलय होते, तर महाजन यांच्या मागे महापालिकेतील अनुभव. उमेदवारी मिळविण्याचे मार्ग किती भिन्न असू शकतात, हे या दोन उदाहरणांतून दिसते. २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील २९ पैकी ६, तर महाराष्ट्रातील ४८ पैकी ७ जागांवर महिला निवडून आल्या.

२०२३ चा कायदा काय सांगतो

लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश आरक्षण देणारे विधेयक प्रथम १२ सप्टेंबर १९९६ रोजी मांडले गेले. त्यानंतरच्या काळात ते वारंवार अडले. इतर मागासवर्गीय महिलांसाठी स्वतंत्र वाटा नसल्याचा मुद्दा मांडून विरोध करणाऱ्यांत शरद यादव आघाडीवर होते. २०१० मध्ये राज्यसभेने मंजूर केलेले विधेयक लोकसभेत संमत होऊ शकले नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेने ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेने २१४ विरुद्ध ० मतांनी १०६ वी घटनादुरुस्ती संमत केली.

मंजूर मजकुरानुसार लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्ली विधानसभेतील सुमारे एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव राहतील. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांतही हे प्रमाण लागू होईल. राज्यसभा आणि विधान परिषदांना ही तरतूद लागू नाही. कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध होऊन त्याआधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर आरक्षण अमलात यावे, अशी अट त्यात आहे. आरक्षणाचा कालावधी १५ वर्षांचा असून संसद कायद्याने तो वाढवू शकते. प्रत्येक पुनर्रचनेनंतर राखीव जागा बदलत राहतील.

या फिरत्या आरक्षणाचा जबलपूरसारख्या मतदारसंघाला थेट अर्थ आहे. एखादी जागा महिलांसाठी राखीव झाली, की तेथील प्रत्येक पक्षाच्या बी फॉर्मवर महिलेचेच नाव लिहावे लागेल. दोन दशके एकाच व्यक्तीकडे उमेदवारी राहण्याची परंपरा तेथे आपोआप खंडित होईल. मात्र, पुढील पुनर्रचनेत आरक्षण दुसरीकडे गेले, तर निवडून आलेल्या महिलेला खुल्या जागेवर पुन्हा पक्षाकडे उमेदवारी मागावी लागेल. पंचायती आणि महापालिकांत हा अनुभव महिलांनी घेतला आहे. राखीव प्रभागातून जिंकलेल्या अनेकींना प्रभाग खुला होताच थांबावे लागले, तर काहींनी केलेल्या कामाच्या बळावर तो पुन्हा जिंकला.

मतदारयादीत स्वतःचे नाव सांगण्याची लढाई १९५२ नंतर महिलांनी जिंकली. मतदान केंद्रावरील रांगेतही त्या आता पुरुषांच्या पुढे आहेत. उरलेले अंतर मतदान यंत्रावरील नावांच्या यादीचे आहे आणि ती यादी मतदार नव्हे, पक्ष ठरवतात. आरक्षणाचा कायदा काही जागांपुरता पक्षांचा हात धरेल. उर्वरित दोन तृतीयांश जागांवर उमेदवारी कोणाला द्यायची, हा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणे पक्षांच्याच हाती राहील.